वगळलेली दोन करडं

गेल्या आठवड्यात एका जर्नलकडून एक पेपर तपासायला आला. लेखकांची नावं झाकलेली होती, पण शेळ्या कुठल्या ते पहिल्याच परिच्छेदात कळलं. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जांभ्याची जमीन, उष्ण आणि दमट हवा. हा परिच्छेद आम्ही कोकणातले सगळे एकमेकांच्या थिसिसमधून उचलत आलोय. मुळात कुणी लिहिला ते आता शोधूनही सापडायचं नाही. पुढे चौथ्या पानावर एक वाक्य होतं: प्रयोगाच्या काळात दोन करडं अपरिहार्य कारणांमुळे वगळण्यात आली.

मी चहाचा कप बाजूला ठेवला. वाक्य ओळखीचं होतं. वीसेक वर्षांपूर्वी, जवळपास याच शब्दांत, मीच ते इंग्रजीत लिहिलं होतं. माझीही दोनच होती.

तेव्हा मी एम.एस्सी. करत होतो. पदवी कृषीची, विषय पशुसंवर्धन आणि दुग्धशास्त्र. इथे एक खुलासा करायला हवा, कारण गावात तो आयुष्यभर करावा लागतो: आम्ही जनावरांचे डॉक्टर नव्हे. व्हेटर्नरीवाले वेगळे, त्यांचं विद्यापीठ वेगळं, नागपूरचं. परळचं त्यांचं कॉलेज तर १८८६ सालचं. आम्ही शिकतो ते जनावराला खायला काय घालावं, बांधावं कुठे, पैदास कशी करावी. सुई टोचायचा आम्हाला अधिकार नाही. एका काकींच्या खळ्यात उभं राहून पहिल्याच दिवशी मी हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे तुका येता काय?"

प्रयोग साधा होता. पावसाळ्यात करडांना चरण्याखेरीज फणसाचा पाला दिला, किंवा पाला आणि थोडा खुराक दिला, तर ती किती वाढतात. फणस आमच्याकडे दारोदार, पाला फुकटचा, आणि शेळी त्याच्यावर तुटून पडते. अठरा करडं, सहा-सहांचे तीन गट, जून ते सप्टेंबर. हे संशोधन केंद्रावरच्या पक्क्या गोठ्यात न करता गावात, लोकांच्या शेळ्यांवर करायचं, हा माझा हट्ट. गाइड म्हणाले, "कर. पण नंतर रडत येऊ नकोस." देवगड आणि मालवणच्या मधल्या एका वाडीत चार घरं तयार झाली. सगळ्यात जास्त करडं काकींची, सात. बहुतेक काळी, तोंडावर नाकपुडीपासून कानापर्यंत दोन्ही बाजूंनी पांढरा पट्टा ओढलेला.

दर पंधरा दिवसांनी वजन घ्यायचं. पद्धत पुस्तकात दिलेली: सकाळी, चरायला सोडायच्या आधी, उपाशीपोटी. पडवीच्या वाशाला मी ताणकाटा टांगायचो. युरियाच्या रिकाम्या गोणीला चार भोकं पाडून तिची झोळी केली होती. करडू आत, चारही पाय भोकांतून खाली लोंबकळलेले. ते ओरडलं की गोठ्यातून त्याची आई ओरडायची, मग सगळा गोठा. काटा थरथरत राहायचा. सात किलो, सात शंभर, सहा नऊशे. तो स्थिर व्हायची वाट बघावी तर तेवढ्यात करडू मुतायचं, आणि मग वजन खरोखरच कमी व्हायचं. वहीत दशांश चिन्हानंतरचा जो आकडा मी इतक्या ठामपणे लिहायचो, त्यात थोडा काट्याचा, थोडा माझ्या घाईचा वाटा असायचा.

जुलैतल्या एका सकाळी सगळी करडं रात्रभराच्या पागोळ्यांनी चिंब होती. पहिलं झोळीत घातलं, तोच काकी चुलीकडून बाहेर आल्या. हात राखेने माखलेले.

"ह्या वजन करडाचा काय पावसाचा?"

मी काट्याकडे बघत राहिलो.

"आधी तेका पुस, मगे टांग," म्हणाल्या, आणि जुन्या लुगड्याचा एक तुकडा माझ्या खांद्यावर टाकून परत आत गेल्या.

त्यानंतर प्रत्येक करडू पुसूनच टांगलं. 'साहित्य आणि पद्धती' या भागात मी ते वाक्य घातलंही: वजनापूर्वी करडं कोरडी करण्यात आली. गाइडनी ते लाल पेनाने खोडलं. "हे काय लिहायचं असतं? उद्या लिहिशील, वजनापूर्वी हात धुतले." जूनमधली दोन वजनं ओल्या करडांची होती, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आता ती दोन.

पहिला बोकड वाडीतल्या दुसऱ्या एका घरचा, पाला-खुराकाच्या गटातला, माझ्या तक्त्यातला सगळ्यात देखणा आकडा. आषाढात वजन करायला गेलो तर त्याचं दावं रिकामं. त्या घरची राखण झाली होती. राखण म्हणजे सीमेवरच्या देवाला वर्षाचा मान. ऐपतीप्रमाणे कोंबडा किंवा बोकड. घरच्या आजी ओशाळून म्हणाल्या, "तो देवाक बोललेलो. तुका सांगूक इसारलंय." जूनमध्ये मी त्या बोकडाच्या कानाला पत्र्याचा बिल्ला मारला तेव्हा तो आधीच नेमलेला होता, फक्त माझ्या वहीत नव्हता. दुपारी माझ्यासाठी झाकून वाटी आली. मी खाल्लं. स्वतःच्या प्रयोगातला नमुना जेवलेला संशोधक मी एकटाच नसेन, पण कबूल करणारे कमी असतील. (त्याच आठवड्यात गटारीसाठी एक खाटीक वाडीत फेऱ्या मारत होता. आणखी दोन बोकड मी अक्षरशः हातापाया पडून वाचवले. पावसाळ्यात बोकडांवर प्रयोग आखताना पंचांग बघावं, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेलं मी वाचलेलं नाही.)

दुसरं करडू काकींचं. नुसत्या चरण्यावरच्या गटातलं, बिल्ला क्रमांक अकरा. ऑगस्टमध्ये तीन दिवस पाऊस उसंत घेईना. अकरा नंबर पाठ वाकवून कोपऱ्यात उभं राहायला लागलं, कान पडलेले, नाक वाहतंय, बरगडी वरखाली होतेय. मला टोचता येत नव्हतं. तालुक्याचे डॉक्टर यायचे तर साकवावरून पाणी चाललेलं. काकींनी त्याला आतल्या खोलीत चुलीजवळ गोणपाटावर घेतलं, ओव्याचा धूर दिला. पहाटे ते गेलं. त्यांनी ते माडाच्या आळ्यात पुरलं. मी फावडं धरलं होतं, पण खड्डा त्यांनीच काढला, मला तो नीट जमत नव्हता.

हात धुताना त्या म्हणाल्या, "तू काय मापतंस रे? पावसात शेरडां वाढणत नाय, तगतत. वाढूचा ता दसऱ्यानंतर."

मी ते वाक्य त्या रात्री वहीत लिहून ठेवलं. कळलं होतं म्हणून नव्हे. कानाला बरं लागलं म्हणून.

थिसिस लिहिताना मी गाइडना विचारलं, या मरणाचं काय करायचं? त्यांनी माझा सिनॉप्सिस, म्हणजे प्रयोगाचा आधी दिलेला आराखडा, काढून पुढे ठेवला. वजनवाढ, खाद्याचा वापर, खर्च. "यात मृत्युदर आहे?" नव्हता. "मग? एक गेलं, एक विकलं. वगळ." विकलं नव्हतं, पण देवाला दिलं हे इंग्रजीत कसं लिहायचं तेही मला येत नव्हतं. तर देवाला गेलेला आणि पावसाने नेलेलं अशी दोघं एका वाक्यात आली. अपरिहार्य कारणांमुळे.

ज्यांचा शेती-संशोधनाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं आकडेशास्त्र. आपल्याकडच्या कृषी महाविद्यालयातला कुठलाही थिसिस उघडा, मागच्या संदर्भांत पानसे आणि सुखात्मे ही दोन नावं सापडतीलच. शेतीत काम करणाऱ्यांसाठी त्यांनी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ साली काढलं. सुखात्मे साताऱ्याकडच्या बुध गावचे. या दोन मराठी माणसांनी देशभरच्या पोरांना शिकवलं की तीन वाफे किंवा सहा शेळ्या बघून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही. आमच्या पिढीने पुस्तक किती वाचलं हा प्रश्न वेगळा; संदर्भात टाकलं मात्र सगळ्यांनी.

थोडक्या नमुन्यांवरून बोलायची ही विद्या जिथून आली ती जागा मला फार आवडते. डब्लिनच्या गिनेस बिअरच्या कारखान्यात गॉसेट नावाचा माणूस कामाला होता. बार्लीचे, माल्टचे मोजकेच नमुने हाताशी असायचे आणि त्यावरून निर्णय घ्यायचा असायचा. त्यासाठी त्याने जी कसोटी शोधली ती १९०८ मध्ये छापून आली, पण नोकरांनी स्वतःच्या नावाने काही छापू नये असा कारखान्याचा नियम. म्हणून त्याने 'स्टुडंट', विद्यार्थी, असं नाव घेतलं. आजही आम्ही शेळ्यांना लावतो ती कसोटी 'स्टुडंट'चीच. उपयोजित संशोधन छापण्याची गोष्ट अशी पहिल्यापासूनच नाव लपवण्यापाशी येऊन थांबते.

पुढे फिशरने १९२५ च्या सुमारास विसातून एकाची रेघ रूढ केली. म्हणजे असं: पाल्याने खरं तर काहीच फरक पडत नसेल, तरीही नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता विसात एकापेक्षा कमी असेल, तरच त्याला अर्थ आहे असं धरायचं. ०.०५. माझं उत्तर त्या रेघेच्या पलीकडे, योगायोगाच्या बाजूला पडलं. खुराकवाल्या गटाची आकडेवारी कडेकडेने लंगडत होती, कारण त्यातला सर्वांत तगडा गडी देवाघरी. पाल्याच्या आणि नुसत्या चरण्याच्या गटांत तर नाव घेण्यासारखा फरकच नाही.

मला धक्का बसला, कारण डोळ्यांना तो दिसत होता. पालावाली करडं तुकतुकीत होती. वाडीतली बाकीची माणसंही तेच म्हणत. मी काकींकडे गेलो आणि जरा तक्रारीच्या सुरात म्हटलं, "काकी, तुम्हीच म्हणाला होता ना, फणसाच्या पाल्याने करडं बरी होतात? काटा तर तसं सांगत नाही."

"बरी दिसतत म्हटलंय मी," त्या म्हणाल्या. "वाढतत म्हणान कोणी सांगल्यान?"

त्यांच्या वाक्यातला 'दिसतत' मी 'वाढतत' असा ऐकला होता, आणि अठरा करडांच्या मागे अख्खा पावसाळा धावलो होतो. काट्याने माझा कान पकडला हे बरंच झालं. संशोधन छापण्याच्या या सगळ्या कर्मकांडाला मी नावं ठेवतो, पुढेही ठेवणार आहे, पण जे दिसतं ते मोजून बघायची सवय त्यानेच लावली. ती नसती तर आज मीही गावोगाव फणसाच्या पाल्यावर व्याख्यानं देत फिरलो असतो, आणि टाळ्याही मिळाल्या असत्या.

मग सुरू झाला छापण्याचा उद्योग.

पहिल्या जर्नलला दुहेरी अंतर सोडून टाइप केलेल्या तीन प्रती टपालाने पाठवल्या. सात महिने शांतता. मग एक पोस्टकार्डाएवढा कागद: प्राण्यांची संख्या अपुरी, निष्कर्ष सार्थ नाहीत, साभार परत. यात चूक काही नव्हतं. फरक पडला नाही हेही एक उत्तर असतं, पुढच्या पोराचा एक पावसाळा त्याने वाचतो, असं मी तावातावाने म्हणायचो. पण फरक न पडलेल्या गोष्टी छापायला जागा कोण देणार? त्या सगळ्या आपापल्या कपाटांत पडून असतात, आणि दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी त्याच नव्याने शोधून पुन्हा कपाटात ठेवतं.

दुसऱ्या जर्नलचा शेरा मात्र अजून बोचतो. 'विषय केवळ स्थानिक महत्त्वाचा आहे.' आता शेळी स्थानिक नसेल तर काय असेल? ती दाव्याला बांधलेली असते. तिच्या पोटात जातो तो पाला त्या परसातला, तिला चावते ती गोचीड त्या कुंपणातली. नायट्रोजन जगभर सारखा असेल, पण तो ज्या पानातून शेळीच्या पोटात जातो ते पान सारखं नसतं. विदर्भातल्या उन्हाळ्यावर लिहिलेलं सगळ्यांच्या महत्त्वाचं, आणि आमच्या पावसावर लिहिलेलं स्थानिक, हा हिशोब मला आजतागायत कळलेला नाही. (दोन्ही स्थानिक, असं विदर्भातला मित्र म्हणतो. त्याचाही तसाच शेरा आलेला आहे.)

तिसऱ्यांदा आम्ही इमेलच्या युगात आलो. एका जर्नलने दोन दिवसांत पेपर स्वीकारला, माझा 'थोर शास्त्रज्ञ' असा उल्लेख केला आणि पैशाची मागणी केली. महिन्याभराने त्याच जर्नलने मला हृदयशस्त्रक्रियेवर लिहायचं निमंत्रण दिलं. मी हसलो, पण खोटं कशाला बोलू, पैसे भरायचा फॉर्म मी अर्धा भरला होता. नोकरीच्या मुलाखतीत छापलेले पेपर मोजतात. वाचत नाहीत, मोजतात. कृषी विज्ञान अकादमी दरवर्षी जर्नलांना गुण देते आणि आमच्यातली मंडळी आपला पेपर कुठे आला ते सांगताना आधी गुण सांगतात, मग विषय. माझ्याबरोबरच्या एकाने तसे पैसे भरले. तो माझ्याआधी दोन वर्षं नोकरीला लागला. मी त्याला दोष देऊ शकत नाही, घरी धाकटी दोन भावंडं होती.

शेवटी चौदा पानांचा पेपर चार पानांचा होऊन, शॉर्ट कम्युनिकेशन म्हणून, एका बऱ्या जर्नलमध्ये आला. काकींचं ते वाक्य मी चर्चेच्या भागात घातलं होतं. कंसात 'व्यक्तिगत संवाद' असंही लिहिलं होतं. नियमात बसतं ते. प्राध्यापकाशी बोललेलं चालतं, फोनवरचंही चालतं. परीक्षकाने विचारलं, संवाद कोणाशी, त्या व्यक्तीचा हुद्दा काय? हुद्दा. मी बराच वेळ विचार केला आणि वाक्य काढून टाकलं. आता वाटतं, लिहायला हवं होतं: सात शेळ्या, दोन म्हशी, एक गाय, एकोणचाळीस पावसाळे. पण तेव्हा मला नोकरी हवी होती.

एवढं ऐकून कुणाला वाटेल की छापण्याने काही होतच नाही. तसं मुळीच नाही. ज्या पांढऱ्या पट्ट्यांच्या काळ्या शेळ्या काकींच्या गोठ्यात होत्या, त्यांना आज कोकण कन्याळ म्हणून देशभर नाव आहे. आमची ती बुटकी, काटक, जांभ्यावरून शेळीसारखी चढणारी गाय पिढ्यान् पिढ्या पशुगणनेत 'अवर्णित' या ढिगात मोजली जायची. अवर्णित म्हणजे जिचं वर्णन कुणी केलेलं नाही. मग माणसं टेप घेऊन गोठ्यागोठ्यांत गेली. उंची, छाती, शिंगांचा बाक, वशिंड, शेपूट, वेतातलं अंतर मोजलं, ते लिहिलं, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे तिची जात म्हणून नोंद झाली: कोकण कपिला. आता ती गणनेत वेगळी मोजता येते, तिच्यासाठी योजना मागता येते, वळूची निवड करता येते. सगळ्या कपिला काही कपिल, म्हणजे तांबूस, रंगाच्या नसतात, ही आणखी गंमत. पण नाव कागदावर आल्याने गाय वाचू शकते, हे मी डोळ्यांदेखत पाहिलंय. त्या कामातल्या तक्त्यांसारखं रुक्ष वाचन दुसरं नसेल आणि त्यांच्याइतकं उपयोगीही.

उलट पेंढ्याची गोष्ट घ्या. भाताच्या पेंढ्यात सत्त्व कमी, प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. त्यावरचा उपाय आमच्या प्रत्येक पुस्तकात आहे: १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडायचा, दाबून झाकून २१ दिवस ठेवायचा. अमोनिया तयार होतो, काडी सैल पडते, पचते जास्त. यावर देशभरात इतकं छापलं गेलंय की तेवढ्या कागदावर एक गोठा उभा राहील. वाडीत मी याचं प्रात्यक्षिक केलं. लोकांनी आदराने पाहिलं. पुढच्या वर्षी एकानेही केलं नाही. काकींचं म्हणणं, घराला मुताचा वास येतो. शेजारच्या दादांचं कारण जास्त पक्कं होतं: पेंढा ठेवायचाय कुणाला? मार्च लागला की आंब्याच्या पेट्यांत घालायला तो हवा असतो, आणि हापूसवाला शेळीपेक्षा चांगला भाव देतो. युरिया-पेंढ्यावरच्या एवढ्या छापील पानांत पेंढ्याचं गिऱ्हाईक आंबा आहे हे मला कुठे भेटलं नव्हतं. ते कळायला देवगडच्या बाजूचाच माणूस लागतो. स्थानिक महत्त्वाचा.

महाराष्ट्रात तरी संशोधनाला पेपरखेरीज आणखी एक वाट आहे, आणि बाहेरच्यांना ती फारशी ठाऊक नसते. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चारही कृषी विद्यापीठं वर्षातून एकदा एकत्र बसतात; आम्ही त्याला जॉइंट ॲग्रेस्को म्हणतो. तिथे तुमच्या कामाची एका वाक्यात शिफारस करायची असते, मराठीत. 'अमुक वयाच्या करडांना अमुक इतका पाला द्यावा, अशी शिफारस करण्यात येते.' त्या एका वाक्यावर जी काथ्याकूट होते ती मी कुठल्याही जर्नलच्या परीक्षणात पाहिलेली नाही. 'द्यावा' की 'देता येईल', यावर पंधरा मिनिटं वाद झालेला मी ऐकलाय. शेतकऱ्यापर्यंत जातं ते हेच वाक्य. बढतीच्या फॉर्मवर मात्र इंग्रजी चार पानांचं वजन जास्त, आणि 'शेतकरी' मासिकात किंवा ॲग्रोवनमध्ये लिहिलेला लेख एकदम तळाला, 'लोकप्रिय लेखन' या खात्यात. लोकप्रिय हा शब्द तिथे कौतुकाचा नसतो.

पेपरची छापील प्रत आली तेव्हा मी ती घेऊन काकींकडे गेलो होतो. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, उलटी-सुलटी करून पाहिली, तक्त्यावर बोट ठेवलं.

"ह्यात आमच्या शेरडांचा नाव खंय आसा?"

नव्हतं. शेवटी आभारात 'स्थानिक शेतकरी' होते. मी ते वाचून दाखवलं.

"इंग्रजीत आसा मां?" त्या म्हणाल्या. "मगे शेरडाक काय कळतला आणि माका काय कळतला." आणि प्रत देवघराच्या फळीवर, पोथीच्या खाली, सरळ करून ठेवली.

काकी आता नाहीत. गोठा सून बघते. गणपतीत गेलो होतो तेव्हा पडवीतल्या खिळ्याकडे लक्ष गेलं. एकावर एक अडकवलेली कॅलेंडरं, जुनं न काढता त्यावरच नवं, असा हातभर जाड गठ्ठा. दुधाचा हिशोब असेल म्हणून सहज उचकलं. दूध होतंच. पण तारखांच्या चौकोनांत शेळ्याही होत्या. 'काळी व्याली २', खाली बारीक अक्षरात 'पाट १ बोकड १', म्हणजे एक मादी, एक नर. 'मुंडी लागली', म्हणजे बिनशिंगी शेळी फळली. 'बोकड विकलो' आणि रक्कम. एप्रिल २०२० वर आडवं नुसतं 'बाजार बंद'. तौक्ते वादळ आलं त्या १६ मे २०२१ च्या चौकोनात एकच शब्द, 'छप्पर'. आणि पुढल्या जूनमध्ये तीन फुल्या. काकींना लिहिता येत नव्हतं. त्या सांगायच्या, सून लिहायची. त्या गेल्यावरही तिने मोडलं नाही. बारा वर्षांची कॅलेंडरं, मधलं एक उंदरांनी खाल्लेलं.

कुणी गट पाडलेले नाहीत, कुणी सिनॉप्सिस दिलेला नाही, पण कुठलं करडू कधी जन्मलं आणि कुठलं कधी गेलं, ते सगळं तारीखवार. मी विचारलं, फोटो काढू का? ती म्हणाली, "काढा की, भावजी. तेच्यात काय आसा?"

आता रोज रात्री थोडं थोडं मी ते संगणकावर उतरवतोय. जून ते सप्टेंबरातली मरणं एका बाजूला, दसऱ्यानंतरची दुसऱ्या बाजूला. काकींनी मला हात धुता धुता जे सांगितलं होतं त्याचा तक्ता व्हायला वीस वर्षं लागली. तो छापायचा झाला तर 'लेखक' या जागी कुणाकुणाची नावं घालायची याचा वाद मी आत्तापासून मनात घालतोय.

तपासायला आलेल्या त्या पेपराची मुदत शुक्रवारी संपते. बाकी काम ठीक आहे, आकडेमोड स्वच्छ आहे. शेऱ्यांमध्ये मी एवढंच विचारलंय, की ती दोन करडं कुठल्या गटातली, कोणत्या महिन्यात गेली आणि कशाने, ते लिहावं. जागा कमी पडली तर प्रस्तावनेतलं पर्जन्यमान कमी करावं. लेखक कुणीतरी पंचविशीतलं पोर असणार. चिडेल. चिडू दे.

माझ्या तक्त्यातही मृत्यूच्या कारणाला एक रकाना आहे. सवयीने मी तिथे यादी करून ठेवली होती: न्यूमोनिया, हगवण, जंत, सर्पदंश, इतर. कॅलेंडरांवर पावसाळ्यातल्या फुल्यांपुढे कारण लिहिलेलं आहे, वेगवेगळ्या पेनांनी, कधी निळ्या, कधी लाल, एकदा पेन्सिलने, पण शब्द दर वेळी तोच: पाऊस. माझ्या यादीत तो नाही. 'इतर'वर बोट नेतो, आणि थांबतो. एकवीस ओळींपुढचा तो रकाना अजून कोराच आहे.